बाजदारी शिकायचीय? नवख्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातमोज्यावर बसलेल्या ससाण्याचा फोटो पाहून या विषयाकडे वळणारे पुष्कळ असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पक्षी कुठे मिळेल? तो प्रश्न इथे मुद्दाम बराच खाली ठेवला आहे. पक्षी सगळ्यात शेवटी आणायचा असतो. आधी गुरू, मग परवानगी, मग त्याचं घर, वजनकाटा आणि खाद्याची सोय. हा क्रम उलटा झाला की भोगतो तो पक्षीच.

बाजदारी म्हणजे नेमकं काय?

माणसाळवलेल्या शिकारी पक्ष्याला मोकळ्या रानात उडवून, त्याच्या नैसर्गिक भक्ष्याची त्याच्याकरवी शिकार करणं. पक्ष्याला शिकार शिकवावी लागत नाही, ती त्याच्या अंगातच असते. त्याला शिकवायचं ते एवढंच, की माणूस जवळ असला तर आपल्याला अपाय होत नाही, उलट सावज सापडणं सोपं जातं. म्हणजे इथे शिकारी तो आहे आणि झुडपं बडवून ससा उठवणारे हाकारे तुम्ही. ज्यांना हे दुय्यम काम जमत नाही ते फार काळ टिकत नाहीत.

परंपरा हजारो वर्षांची आहे. २०१० साली युनेस्कोने तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला तेव्हा ११ देशांनी मिळून अर्ज केला होता. २०२१ पर्यंत त्या नोंदीत २४ देश आले.

मला शिकार नको, फक्त पाळायचाय. चालेल का?

स्पष्ट सांगायचं तर नको. नुसत्या अड्ड्यावर, म्हणजे बसायच्या दांड्यावर, बांधून ठेवलेल्या पक्ष्याचे स्नायू सैल पडतात, अंगावर चरबी चढते, तळपायाला फोड येऊन ते चिघळतात. शिकार न करताही पक्षी रोज उडवता येतो. पक्षीकेंद्रांतल्या प्रात्यक्षिकांत किंवा विमानतळावर इतर पक्ष्यांना हुसकावण्याच्या कामात तसं केलं जातं. पण त्यालाही तेवढीच मेहनत आणि तेवढाच वेळ लागतो. तुम्हाला फक्त या पक्ष्यांच्या सहवासात राहायचं असेल तर जखमी शिकारी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जा. तिथे हाताळायला, खाऊ घालायला आणि मुख्य म्हणजे निरखायला मिळतं, आणि कुणालाही आयुष्यभर बांधून ठेवावं लागत नाही.

पक्ष्याला आपला लळा लागतो का?

नाही. कुत्र्यासारखा तर नाहीच. तो तुम्हाला ओळखतो, तुमच्याजवळ निर्धास्त होतो, तुमची चूक लक्षात ठेवतो. कुरवाळणं त्याला आवडत नाही. त्याला रागावण्याचा तर काही उपयोगच नाही: शिक्षा ही कल्पना त्याच्या डोक्यात शिरत नाही, तो फक्त तुम्हाला घाबरायला लागतो, आणि आठवडाभराची मेहनत एका क्षणात वाया जाते.

कायद्याने परवानगी आहे का?

ते देशावर अवलंबून आहे, आणि फरक मोठे आहेत.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली इथले शिकारी पक्षी संरक्षित आहेत. शिक्रा असो, ससाणा असो की घार, त्यांना पकडणं, जवळ बाळगणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. वन्य प्राण्यांच्या शिकारीवरही बंदी आहे. परदेशी जातींनाही आयातीचे आणि नोंदणीचे नियम लागतात. म्हणून हौशी माणसाला इथे उघड्या असलेल्या वाटा म्हणजे निरीक्षण, बचावकार्य आणि जिथे ही कला कायदेशीर आहे तिथे जाऊन शिकणं. ‘ओळखीच्या माणसाकडे मिळतो’ असं कुणी सांगत असेल तर तिथूनच मागे फिरा.

अमेरिकेत पायऱ्यांची पद्धत आहे: शिकाऊ, सर्वसाधारण आणि उस्ताद. शिकाऊ परवान्यासाठी वय किमान १२ वर्षं लागतं, लेखी परीक्षेत किमान ८० टक्के गुण लागतात, पक्ष्याच्या जागेची सरकारी तपासणी होते आणि एका अनुभवी बाजदाराच्या देखरेखीखाली किमान दोन वर्षं काढावी लागतात. जर्मनीत आधी शिकारीची परीक्षा आणि वर बाजदारीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमध्ये पक्षी ठेवायला परीक्षा नाही, मात्र पक्षी बंदिस्त पैदाशीचा, पायात बंद कडी असलेला आणि कागदपत्रांसह असावा लागतो. परीक्षा नाही म्हणून तिथे काम सोपं आहे असं मात्र नाही. उलट नवखा माणूस तयारीशिवाय पक्षी घेऊन बसतो तो अशाच ठिकाणी.

देशाच्या सीमा ओलांडताना साइट्स हा वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करारही आड येतो. जायरफाल्कन हा उत्तरेकडचा मोठा ससाणा त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे, बहुतेक बाकीचे शिकारी पक्षी दुसऱ्या. संयुक्त अरब अमिरातीत तर ससाण्यांना स्वतःचे पासपोर्ट दिले जातात.

गुरू कशाला? व्हिडिओ बघून शिकता येणार नाही?

गाठ मारायला शिकाल. पण समोरचा पक्षी पिसं फुलवून बसलाय तो थंडीमुळे, समाधानाने की आजारपणामुळे, हे व्हिडिओ सांगत नाही. ते शेजारी उभं राहून दाखवणारा माणूस लागतो. चांगला गुरू पहिल्या हंगामात तुम्हाला पक्षी देतच नाही. पिशवी वाहायला लावतो, काटेरी झुडपांत शिरायला लावतो, विष्ठा साफ करायला लावतो. हे तुम्हाला कंटाळवाणं वाटलं तर तेवढ्यातच कळेल की ही आवड तुमची नाही, आणि ते कळायला एका पक्ष्याचा जीव खर्ची पडणार नाही. गुरू शोधायचा तर त्या-त्या देशातल्या बाजदारांच्या संघटनेतून शोधावा. अशा अनेक संघटना १९६८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सभासद आहेत.

पहिला पक्षी कोणता घ्यावा?

ज्या देशांत परवानगी आहे तिथे दोन नावं हमखास सुचवली जातात.

हॅरिस हॉक हा मूळचा अमेरिका खंडातला, नैर्ऋत्य अमेरिकेपासून थेट चिली-अर्जेंटिनापर्यंत आढळणारा. बहुतेक शिकारी पक्षी एकटे राहतात, हा मात्र कुटुंबाने राहतो आणि टोळीने शिकार करतो. त्यामुळे माणूस आणि पक्षी यांची जोडी त्याच्या स्वभावात चटकन बसते. चुका पोटात घालणारा पक्षी, असं त्याच्याबद्दल म्हणता येईल. तोटा असा की त्याला थंडी सोसत नाही, आणि तो इतका सोशीक असतो की शिकणाऱ्याला आपण फार हुशार आहोत असं वाटू लागतं.

रेड-टेल्ड हॉक हा अमेरिकेतल्या शिकाऊंचा नेहमीचा पक्षी. दणकट, चिवट, ससे आणि खारी पकडणारा. तिथे शिकाऊ माणूस बहुधा त्याच वर्षी जन्मलेला तरुण पक्षी रानातून कायदेशीर पकडतो, एक-दोन हंगाम उडवतो आणि पुन्हा रानात सोडून देतो. रानातल्या अशा तरुण पक्ष्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिलं वर्षही पाहत नाहीत, म्हणून सांभाळलेला पक्षी पुढच्या वसंतात सुटतो तेव्हा फायद्यातच असतो.

केस्ट्रेल हा ससाण्यांपैकीच एक, पण लहान असतो, म्हणून नवख्याला तो सोपा वाटतो. उलट आहे. तो इतका हलका असतो की वजनाचा अंदाज थोडा चुकला तरी एका रात्रीत मरू शकतो. बहिरी ससाण्याला मैलभर मोकळी जागा लागते. सूर मारताना तो ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो आणि तुमच्या नजरेआड व्हायला त्याला फारसा वेळ लागत नाही. गॉसहॉक म्हणजे बाज: विलक्षण शिकारी, पण तापट. सोनेरी गरुडाचा विचार दहा वर्षांनी करा. त्याचा पंजा माणसाच्या हाताची हाडं मोडू शकतो.

नर की मादी?

शिकारी पक्ष्यांत मादी मोठी, पुष्कळ जातींत नरापेक्षा साधारण एक तृतीयांशाने. सावज ससा असेल तर मादी, छोटे पक्षी असतील तर नर. नवख्याला मादीचं जास्तीचं वजन थोडी सवलत देतं.

आणि घुबड?

दिसायला लोभस, शिकवायला संथ. शिकारीसाठी घेऊ नका, आणि सिनेमा बघून तर अजिबात घेऊ नका.

पिल्लू अगदी लहानपणापासून हाताने वाढवलं तर जास्त माणसाळेल ना?

गरजेपेक्षा जास्त माणसाळतं, तीच अडचण आहे. डोळे उघडल्यापासून फक्त माणूस दिसला की पिल्लाच्या मनावर माणूसच आपल्या जातीचा म्हणून ठसतो. मग ते तुम्हाला आईबाप समजून दिवसभर भुकेने किंचाळत राहतं. मोठं झालं की तुम्हाला प्रतिस्पर्धी समजून तोंडावर झेपावतं. मुरलेले बाजदार काही जातींची पिल्लं अशी मुद्दाम आणि फार काळजीपूर्वक वाढवतात. पहिला पक्षी मात्र आईबापांनीच वाढवलेला असावा.

त्याचं घर कसं असावं?

कोरडं, हवेशीर, वाऱ्याच्या थेट माऱ्यापासून आणि कुत्र्यामांजरांपासून सुरक्षित. खिडकीला तारेची जाळी नको. पक्षी धडकून चोचीची मुळं आणि पंखांची टोकं तिच्यात फाटतात. त्याऐवजी उभे गज लावा, पक्ष्याला त्यांच्यात पाय अडकवून लटकता येत नाही. दिवसा उन्हात बसवायला वेगळी जागा लागते, तिथे सावली आणि अंघोळीचं पसरट भांडं असावं. ससाणे सपाट माथ्याच्या ठोकळ्यावर बसतात, हॅरिस, रेड-टेल, बाज यांसारखे हॉक कमानीसारख्या वाकवलेल्या दांड्यावर. दोन्हींवर खरखरीत कृत्रिम हिरवळ लावली की तळपायाचा एकाच जागी दाब पडत नाही.

साहित्य काय लागतं?

जाड चामडी हातमोजा. पायात घालायचे चामड्याचे कडे आणि त्यांतून ओवलेल्या पट्ट्या. पट्ट्यांना पीळ पडू नये म्हणून भोवरकडी, तिच्यातून दोरी. घुंगरू. ससाणा असेल तर डोळे झाकणारी टोपी आणि दोरीला बांधून फिरवायचं पिसांचं आमिष. शिट्टी. प्रवासाची अंधारी पेटी. रेडिओ किंवा जीपीएस ट्रान्समीटर.

यात एक बारकावा जीवनमरणाचा आहे. बांधून ठेवताना वापरायच्या पट्ट्यांच्या टोकाला भोवरकडीसाठी चीर असते. उडवताना त्या काढून बिनचिरेच्या पट्ट्या घालायच्या. चिरेत फांदी किंवा कुंपणाची तार अडकली की पक्षी उलटा लटकतो, आणि तो सापडेपर्यंत संपलेला असतो. शिवाय बाजदारांची गाठ एका हाताने मारता आली पाहिजे, कारण दुसऱ्या हातावर पक्षी असतो. पक्षी येण्याआधी अंधारात, खुर्चीच्या पायाला बांधून तिचा सराव करा.

सगळे सारखं वजन, वजन काय करतात?

कारण या कलेचा कणा तोच आहे.

भरल्या पोटाचा शिकारी पक्षी काहीच करत नाही. रानातही तो खाऊन दिवसभर फांदीवर बसून राहतो. त्याने तुमच्याकडे यावं, शिकार करावी, तर त्याला भूक असली पाहिजे; आणि उडायची ताकद हवी तर ती भूक उपासमारीपर्यंत जाता कामा नये. या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्याला उडण्याचं वजन म्हणतात. प्रत्येक पक्ष्याचं ते वेगळं असतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात मिळत नाही.

रोज, एकाच वेळी, ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर वजन करायचं आणि वहीत लिहायचं. सोबत त्या दिवशी काय आणि किती खाल्लं, हवा कशी होती, पक्षी किती चटकन आला, हेही. महिनाभरात त्या वहीतून पक्षी वाचता यायला लागतो. १ किलोच्या रेड-टेलचे १० ग्रॅम कमी झाले तर १ टक्का गेला. १०० ग्रॅमच्या अमेरिकन केस्ट्रेलचे तेवढेच गेले तर १० टक्के गेले, म्हणजे धोका दाराशी आला.

काट्याच्या जोडीला बोटं लागतात. छातीच्या मधलं हाड हलकेच चाचपून पाहा. दोन्ही बाजूंचं मांस भरलेलं आणि गोलसर लागलं तर ठीक, हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर पक्षी खंगलाय. थंडी पडली की तेच वजन टिकवायला जास्त खाणं लागतं. आणि एक गोष्ट नवखे हमखास विसरतात: पक्षी रोज उडू लागला की स्नायू वाढतात, त्यामुळे उडण्याचं वजनही वाढतं. पहिल्या महिन्यात ठरवलेल्या आकड्याला चिकटून राहिलात तर तिसऱ्या महिन्यात तुम्ही एका खेळाडूला उपाशी ठेवत असता.

पक्षी बाणासारखा हातावर आला म्हणून खूश होण्याआधी त्याचे डोळे बघा. ते गोल, टवटवीत असतील तर छान. अर्धवट मिटलेले असतील, पिसं फुललेली असतील, पंजाची पकड सैल असेल, तर तो आज्ञाधारक झालेला नाही, अशक्त झालाय. त्या दिवशी उडवू नका, उबेत ठेवा, थोडं थोडं खाऊ घाला आणि गुरूला फोन करा.

खायला काय घालायचं?

अख्खं भक्ष्य: हाडं, पिसं, आतड्यांसकट. एक दिवसाची कोंबडीची पिल्लं, लावे, उंदीर. नुसतं मांस घातलं तर कॅल्शियम मिळत नाही आणि वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. न पचलेली पिसं आणि केस यांची गोळी पक्षी दुसऱ्या दिवशी ओकून टाकतो. ती टाकल्याशिवाय पुढचं जेवण देऊ नका. बंदुकीने मारलेली शिकार कधीच देऊ नका, शिशाचा एक कण पुरतो. कबुतर ताजं देऊ नका, घशाचा रोग त्यातून येतो. गोठवलेली पिल्लं फ्रीजमध्ये डब्यात राहणार आहेत, तेव्हा घरच्यांशी आधीच बोलून घ्या. हौस बारगळण्याचं हे कारण हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

शिकवतात कसं?

सुरुवात काहीही न करण्यापासून होते. पक्ष्याला हातमोज्यावर घेऊन मंद उजेडात बसायचं. तो फडफडून खाली झेप घेईल, पट्ट्यांना लटकेल. त्याला अलगद उचलून परत बसवायचं. डोळ्यांत रोखून बघायचं नाही, शिकाऱ्याची नजर त्यालाही कळते. हे तासन्‌तास चालतं. कधीतरी तो मान खाली घालून मोज्यावरचा मांसाचा तुकडा उचलतो. भरवसा तिथून सुरू होतो.

मग अड्ड्यावरून मोज्यावर एक पाऊल, मग एक उडी, मग हातभर, मग लांब दोरीला बांधून वीस-तीस मीटर. या टप्प्यावर कुत्री, गाड्या, अनोळखी माणसं यांचीही सवय करायची. पक्षी सलग काही दिवस दोरीच्या पूर्ण लांबीवरून एका शिट्टीत, न रेंगाळता आला, की दोरी सुटते. आईबापांनी वाढवलेल्या हॅरिस हॉकला एवढ्याला साधारण काही आठवडे लागतात. बाजाला किती लागतील हे बाज ठरवतो.

टोपी घालणं क्रूर नाही का?

हे पक्षी डोळ्यांनी जगतात. दिसलं नाही की घाबरायला कारणच उरत नाही. नीट मापाची टोपी घातलेला ससाणा शांत, एका पायावर उभा राहतो. माप चुकलं आणि डोळ्याला घासली तर मात्र ती क्रूरताच.

मोकळा सोडल्यावर परत आलाच नाही तर?

हे कधी ना कधी होतंच. वाऱ्याने वाहवत जातो, लांबवर शिकार साधून पोटभर खातो, मोठ्या गरुडाला घाबरून दडी मारतो. म्हणून ट्रान्समीटरशिवाय उडवायचं नाही, आणि त्याची बॅटरी घरातून निघताना तपासायची. संध्याकाळपर्यंत सापडला नाही तर शेवटचा दिसला ती जागा नक्की करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी तिथे हजर राहा. रात्री तो फारसा हलत नाही. सकाळी भूक लागली की शिट्टीला आणि आमिषाला दाद देतो. कावळ्यांचा गलका ऐकू आला तर तिकडे धावा. विजेचे खांब असलेल्या भागात मुळातच उडवू नका: दोन तारांना एकदम पंख लागून शिकारी पक्षी मोठ्या संख्येने मरतात.

आजार कसा ओळखायचा?

उशिरा कळतो, हेच दुखणं आहे. रानात दुबळेपणा दाखवणारा मारला जातो, म्हणून हे पक्षी शेवटपर्यंत लपवतात. रोजची विष्ठा बघा: पांढऱ्यात काळा ठिपका ही चांगली खूण. सतत हिरवी दिसली तर पोट रिकामं आहे किंवा आजार आहे. आवाज बदलला, तोंड उघडं ठेवून धाप लागली तर फुप्फुसातल्या बुरशीची शंका घ्या. गॉसहॉक आणि जायरफाल्कनला ती जास्त धरते. शिकारी पक्ष्यांची माहिती असलेला पशुवैद्य पक्षी आणण्याआधी शोधून ठेवा. अबू धाबीत १९९९ पासून खास ससाण्यांचं रुग्णालय आहे, बाकी ठिकाणी तेवढं नशीब नसतं.

सुट्टीत गावाला गेलो तर?

पक्ष्यासोबत कोण राहणार हे आधी ठरवा. हंगामात रोजचे दोन-तीन तास धरा, शिकारीच्या दिवशी अर्धा दिवस. पिसं गळून नवी येण्याच्या काळात, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत वसंत ते उन्हाळा, पक्षी उडवत नाहीत, भरपूर खाऊ घालून निवांत ठेवतात. तेव्हा हाताळणी कमी, पण खाद्य आणि साफसफाई रोजचीच. हॅरिस हॉक बंदिस्त अवस्थेत वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. पुढच्या वीस वर्षांत तुमच्या नोकरीचं, घराचं, तब्येतीचं काय होईल तो हिशेबही यात येतो.

या छंदामुळे रानातले पक्षी कमी होत नाहीत का?

कमी होतात आणि वाचतातही, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, अंडी उबवतानाच फुटू लागली आणि पूर्व अमेरिकेतून तो जवळपास नाहीसा झाला. तेव्हा त्याची बंदिस्त पैदास करून पिल्लं रानात सोडण्याच्या कामात बाजदारांचं कौशल्य उपयोगी पडलं. टॉम केड या बाजदार असलेल्या जीवशास्त्रज्ञाने १९७० मध्ये द पेरेग्रीन फंड ही संस्था त्यासाठीच सुरू केली. १९९९ मध्ये अमेरिकेने बहिरी ससाण्याला संकटग्रस्त यादीतून वगळलं.

दुसरीकडे, साकेर ससाणा आज संकटग्रस्त आहे, आणि बाजदारीसाठी होणारी त्याची बेकायदा धरपकड हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. पहिली गोष्ट अभिमानाने सांगणारे दुसरीबद्दल गप्प बसतात तेव्हा मला ते खटकतं.

बरं, आता तरी सांगा: पक्षी कुठे मिळेल?

परवाना, गुरू आणि घर तयार असेल तर हे गुरूच सांगेल. नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्या, कडीचा क्रमांक कागदांशी जुळवून बघा, आईबाप दाखवायला सांगा. ऑनलाइन जाहिरातीत फोटो बघून, कागद नंतर पाठवतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

मला जखमी शिक्रा सापडलाय. त्याच्यावरच शिकलो तर?

नाही. त्याच्यावर जाड टॉवेल टाका, पंजे सांभाळून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. खोकं अंधाऱ्या, शांत जागी असू द्या. चोचीत पाणी ओतू नका, खायला घालू नका, फोटोसाठी झाकण उघडू नका. वनविभागाला किंवा जवळच्या पक्षी बचाव केंद्राला लगेच कळवा, आणि पक्षी सोपवताना तो नेमका कुठे सापडला ते लिहून द्या, म्हणजे बरा झाल्यावर त्याला त्याच भागात सोडता येईल.